‘धा’ धातूच्या कसोटीवर : आपटे, मोनियर-विल्यम्स, व्हिटनी आणि संगणकावरची साधने

संस्कृत कोश घेताना बहुतेक जण छपाई पाहतात, पाने चाळतात आणि किंमत विचारतात. धातूंसाठी, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांसाठी, कोश घ्यायचा असेल तर एवढे पुरत नाही. नाम कुठल्याही बऱ्या कोशात सापडते. धातू मात्र ग्रंथात मूळ रूपात कधी भेटत नाही. पानावर असते ‘आधत्स्व’, ‘अभ्यधात्’, ‘पिधाय’, ‘विधित्सु’, आणि यांतल्या कुठल्याही रूपावरून नवशिक्याला ‘धा’ आठवत नाही. म्हणून या परीक्षणात सगळ्या साधनांना एकच धातू दिला आहे, तोही मुद्दाम अवघड निवडून: तिसऱ्या गणातला (धातूंच्या दहा वर्गांपैकी तिसऱ्यातला), उभयपदी (परस्मैपद आणि आत्मनेपद अशा दोन्ही प्रकारचे प्रत्यय घेणारा), अनिट् (प्रत्ययाआधी ‘इ’ न घेणारा) ‘धा’. धातुपाठात, म्हणजे धातूंच्या अर्थासह पारंपरिक यादीत, तो ‘डुधाञ् धारणपोषणयोः’ असा आहे. सिद्धान्तकौमुदी हा व्याकरणग्रंथ त्याला ‘दाने इत्यप्येके’ अशी पुस्ती जोडते.

हा धातू निवडण्याचे दुसरे कारण आपल्या घरातलेच आहे. विधी, निधी, संधी, अवधी, उपाधी, समाधी, व्याधी, परिधी, प्रतिनिधी. विधान, निधान, समाधान, अवधान, व्यवधान, अनुसंधान, परिधान, अभिधान. हित, विहित, निहित, पुरोहित, संहिता. श्रद्धा, विधाता, विधेय. हे सगळे ‘धा’चे. ‘धातू’ हा शब्दही त्याच्यापासूनच झाला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच ‘तरी अवधान एकलें दीजे’ अशी आहे. मराठी बोलणारा माणूस दिवसातून अनेकदा या धातूचा आधार घेतो, आणि तरी त्याच माणसाला ‘धत्ते’ म्हणजे काय हे सांगता येत नाही. कारण शाळेत पहिला, चौथा, सहावा आणि दहावा हे अकारान्त अंगाचे सोपे गण आधी होतात. तिसऱ्या गणापर्यंत पुष्कळ जण पोचत नाहीत.

साधनांकडे वळण्यापूर्वी हा धातू नेमका कुठे दगा देतो ते पाहू, म्हणजे पुढचे गुणदोष कशावरून ठरवले ते कळेल.

तिसऱ्या गणात धातूचे द्वित्व होते. धा-धा, मग पहिला भाग ऱ्हस्व होऊन आणि ‘ध’चा ‘द’ होऊन ‘दधा’. इथून ‘दधाति’ सरळ आहे. द्विवचनात ‘तस्’ प्रत्यय लागला की पाणिनीच्या ‘श्नाभ्यस्तयोरातः’ (अष्टाध्यायी ६.४.११२) या सूत्राने ‘आ’ जातो आणि ‘दध् + तस्’ उरते. आता सवयीने कोणीही ‘दद्धः’ करील, जसे बुध् + त = बुद्ध. पण ‘झषस्तथोर्धोऽधः’ (८.२.४०) या सूत्रातच ‘अधः’ म्हणजे ‘धा वगळून’ असे म्हटले आहे. त्यामुळे इथे ‘त’चा ‘ध’ होत नाही. उलट ‘दधस्तथोश्च’ (८.२.३८) हे सूत्र सुरुवातीच्या ‘द’ला पुन्हा ‘ध’ करते आणि शेवटचा ‘ध्’ ‘त्’ होतो: धत्तः. त, थ, स आणि ध्व पुढे असला की हाच प्रकार: धत्थः, धत्से, धत्स्व, धद्ध्वे. व किंवा म पुढे असला की मात्र नाही: दध्वः, दध्मः. म्हणजे एकाच तक्त्यात धातूची सुरुवात कधी ‘द’ने, कधी ‘ध’ने. कोशात अकारविल्हे शोधणारा इथेच अडकतो.

एवढ्यावर भागत नाही. ‘धत्ताम्’ हे परस्मैपदात लोट् (आज्ञार्थ), प्रथमपुरुष, द्विवचन आहे आणि आत्मनेपदात एकवचन. ‘अधत्त’ हे लङ् (भूतकाळ), परस्मैपदात मध्यमपुरुष बहुवचन, तर आत्मनेपदात प्रथमपुरुष एकवचन. आज्ञार्थी ‘धेहि’मध्ये द्वित्व दिसतच नाही. कर्मणी ‘धीयते’मध्ये ‘आ’चा ‘ई’ झालेला. भूतकाळवाचक ‘हित’मध्ये तर ‘ध’च गायब, कारण ‘दधातेर्हिः’ (७.४.४२).

याहून मोठा घोळ शेजारच्या धातूने घातला आहे. ‘धेट् पाने’, म्हणजे चोखणे, पिणे. त्याचे वर्तमान ‘धयति’. या धातूचे भविष्य ‘धास्यति’, लिट् (परोक्ष भूतकाळ) ‘दधौ’, कर्मणी ‘धीयते’, तुमन्त (‘-ण्यासाठी’ या अर्थाचे) ‘धातुम्’, प्रयोजक ‘धापयति’, इच्छार्थक ‘धित्सति’. सगळी रूपे ‘धा’सारखीच. लुङ्‌मध्येसुद्धा (सामान्य भूतकाळ) ‘धे’ला अदधत्, अधात्, अधासीत् असे तीन पर्याय आहेत आणि त्यांतला मधला ‘धा’चाच. वेगळेपण उरते ते मुख्यतः ‘धयति’ आणि ‘धीत’ या दोन ठिकाणी. तिकडे ‘हित्वा’ हे रूप ‘धा’चेही आहे आणि ‘हा’ (टाकणे) या धातूचेही. गीतेत ‘स्वधर्मं कीर्तिं च हित्वा’ येते तिथे अर्थ ‘टाकून’ असाच आहे. उपसर्ग लागला की हा गोंधळ मिटतो, कारण मग ‘विधाय’ (करून) आणि ‘विहाय’ (सोडून) अशी वेगळी रूपे होतात. पण घाईत वाचणारा नेमकी याच दोघांची अदलाबदल करतो.

आता साधने.

आपट्यांचा कोश

वामन शिवराम आपटे (१८५८–१८९२) हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. त्यांचा ‘प्रॅक्टिकल संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी’ १८९० साली आला. पुढे प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी त्याची वाढवलेली आवृत्ती तयार केली. ती पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने १९५७ ते १९५९ या काळात तीन खंडांत काढली. धातूचा अर्थ शोधायला आजही हाच कोश पहिला उघडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘धा’ची नोंद उघडली की सुरुवातीला गण आणि पद, मग कंसात एका ओळीत सगळा सांगाडा: दधाति-धत्ते, दधौ-दधे, अधात्-अधित, धास्यति-ते, धातुम्, हित, कर्मणी धीयते, प्रयोजक धापयति, इच्छार्थक धित्सति. ही एक ओळ पाठ केली तर पुढची शेकडो रूपे स्वतः लावता येतात. लट् (वर्तमान), लिट्, लुङ्, लृट् (भविष्य), तुमुन् (धातुम्) आणि क्त (हित) अशी सहा ठिकाणची एकेक खूण हातात आली की व्याकरण येणाऱ्याला तक्त्याची गरज उरत नाही. आपट्यांनी ही निवड विचारपूर्वक केली आहे. जी रूपे नियमाने निघतात ती गाळली आणि जी अडवतात ती दिली.

त्यानंतर अर्थ येतात, क्रमांक घालून: ठेवणे, मन किंवा नजर लावणे, देणे, धरणे, आत बाळगणे, अंगावर घालणे, एखादे रूप किंवा गुण धारण करणे, पोसणे, उत्पन्न करणे. जवळजवळ प्रत्येक अर्थाला काव्य-नाटकांतले अवतरण आहे. ‘धारण करणे’ या अर्थाला हितोपदेशातले ‘काचः काञ्चनसंसर्गाद्धत्ते मारकतीं द्युतिम्’ दिले आहे, म्हणजे सोन्याच्या सोबतीने काचही पाचूचे तेज घेते. इथे ‘धत्ते’ला ‘ठेवतो’ म्हटले तर वाक्य कोसळते. ‘घेतो, मिरवतो’ म्हटले की चपखल बसते. अवतरण असल्यामुळेच हे कळते, नुसत्या अर्थांच्या यादीवरून कळले नसते.

याच नोंदीत आपट्यांनी एक मोलाची सूचना केली आहे: हा धातू ज्या शब्दाबरोबर येतो त्याप्रमाणे त्याचा अर्थ वळतो. मनः, मतिम्, धियम् यांच्याबरोबर ‘मन लावणे, ठरवणे’. पदम् बरोबर ‘पाऊल टाकणे’. कर्णे करम् बरोबर ‘कानावर हात ठेवणे’. गीतेतले ‘मय्येव मन आधत्स्व’ याच रांगेतले. ज्याला संस्कृतातून मराठीत भाषांतर करायचे आहे त्याने ही नोंद दोनदा वाचावी.

उपसर्गांची मांडणी समजून घेतली नाही तर मात्र या कोशात हात रिकामा राहतो. मोठ्या कोशात उपसर्गासह धातू आपापल्या अकारविल्हे जागी आहेत: ‘अभिधा’ अ-मध्ये, ‘विधा’ व-मध्ये, ‘संधा’ स-मध्ये. ‘धा’ची नोंद पाहून ‘अभिधीयते’ समजणार नाही. ‘धा’ म्हणजे ठेवणे आणि ‘अभिधा’ म्हणजे सांगणे, नाव देणे. एकावरून दुसरे ओळखता येईल असे नाही. आपट्यांचाच विद्यार्थ्यांसाठीचा लहान कोश याच्या उलट चालतो. त्यात धातूच्या नोंदीखालीच सगळे उपसर्ग ओळीने येतात. बाजारात मिळणारा संस्कृत-हिंदी आपटे या लहान कोशावरून झालेला आहे, त्यामुळे तिथेही उपसर्ग धातूखालीच शोधायचे. दुकानात नुसते ‘आपटे द्या’ म्हणून चालत नाही. तिन्ही ग्रंथांवर नाव एकच असते.

एका धातूचे सगळे अर्थ एका बैठकीत डोळ्यांखालून घालायचे असतील तर लहान कोशाची मांडणी अधिक सोयीची आहे, हे मान्य केले पाहिजे. अन्तर्धा लपणे, अपिधा झाकणे, अवधा लक्ष देणे, परिधा नेसणे, व्यवधा आड येणे, समाधा एकत्र ठेवणे किंवा शंका फेडणे, प्रतिविधा उपाय करणे, अतिसंधा फसवणे: हे एकाखाली एक वाचले की उपसर्ग काय करतो ते कळते. मोठ्या कोशात हेच करायला पन्नास ठिकाणी पाने उलटावी लागतात, आणि तीन खंड असतील तर तिन्ही टेबलावर हवेत.

आपट्यांची खरी मर्यादा वैदिक भाषेत आहे. त्यांचे लक्ष अभिजात वाङ्मयावर होते. वाढीव आवृत्तीत वैदिक भर पडली, तरी ‘धा’च्या शीर्षातल्या रूपांत वैदिक रूपांना जागा नाही. याचा फटका कुठे बसतो? अथर्वशीर्षातच. ‘एकदन्ताय विद्महे वक्रतुण्डाय धीमहि’ यातले ‘धीमहि’ कुठले? परंपरा ते ‘ध्यै’कडे नेते आणि ‘ध्यान करतो’ असा अर्थ लावते. पाश्चात्त्य वैदिक व्याकरणात ते ‘धा’चे आत्मनेपदी रूप मानले जाते. दोन्ही बाजू तपासायच्या असतील तर आपटे पुरणार नाहीत.

मोनियर-विल्यम्स

हा कोश १८७२ साली आला आणि १८९९ मध्ये लॉइमान, कापेलर आदींच्या मदतीने नव्याने मांडून पुन्हा निघाला. वापरायचा तो दुसराच. ‘धा’ची नोंद म्हणजे रोमन अक्षरांतली एक गच्च भिंत आहे. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. पण त्या भिंतीत जे आहे ते आपट्यांकडे नाही: ऋग्वेदातली, ब्राह्मणांतली, महाकाव्यांतली रूपे आणि प्रत्येकापुढे ग्रंथाची खूण. इच्छार्थकात ‘धित्सति’बरोबर ‘दिधिषति’ही सापडते. पौनःपुन्यार्थक ‘देधीयते’पुढे पाणिनीच्या ६.४.६६ या सूत्राचा आकडा आहे. म्हणजे हे रूप व्याकरणातून घेतले आहे, ग्रंथातून नव्हे. ही एक बारीक खूण ओळखायला शिकलात तर कोशाचे पैसे वसूल.

‘हित’च्या दोन वेगळ्या नोंदी हाही याचा गुण. एक ‘धा’चा हित, म्हणजे ठेवलेला, नेमलेला आणि त्यावरून सोयीचा, भल्याचा, दुसरा ‘हि’ (पाठवणे) या धातूचा हित, म्हणजे पाठवलेला, प्रेरलेला. वेद वाचताना हा फरक लागतोच.

अडचण मांडणीची आहे. शब्द त्याच्या मूळ धातूच्या किंवा समासाच्या नोंदीत आत आत बसवलेले आहेत. ‘विधान’ हवे असेल तर ‘वि-धा’ शोधून तिथून खाली उतरावे लागते. आणि अवतरणे पूर्ण दिलेली नाहीत, फक्त ग्रंथाचे नाव. त्यामुळे अर्थ कळतो पण वाक्य दिसत नाही. मराठी वाचकाला रोज हाताशी ठेवायला आपटे बरे. मोनियर-विल्यम्स खात्री करायला.

याच्या मुळाशी असलेला बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा सेंट पीटर्सबर्ग कोश (१८५५–१८७५) अजूनही सर्वांत खोल आहे. त्यात उपसर्ग धातूखालीच आहेत आणि अवतरणे भरपूर. पण तो जर्मनमध्ये आहे, त्यामुळे इथे एवढेच. डेक्कन कॉलेजचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश, ज्याची योजना सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली सुरू केली, तो अजून ‘अ’ या अक्षरात आहे. ‘धा’ला वेळ लागेल.

व्हिटनीची धातूसूची

विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी १८७९ च्या आपल्या व्याकरणाला पूरक म्हणून १८८५ साली धातू, त्यांची क्रियारूपे आणि त्यांपासून झालेली नामे यांचा एक छोटा ग्रंथ काढला. यात अर्थ जवळजवळ नाहीत. ‘धा’पुढे एका शब्दात ‘ठेवणे’, शेजारच्या ‘धे’पुढे ‘चोखणे’, बस. अर्थासाठी हा ग्रंथ घेतला तर निराशा पक्की.

पण हा ग्रंथ ज्या एका प्रश्नाचे उत्तर देतो तो दुसरा कोणी इतक्या थोडक्यात देत नाही: हे रूप खरोखर कुठे वापरले गेले, आणि कोणत्या काळात? प्रत्येक रूपापुढे वेद, ब्राह्मण, सूत्र, महाकाव्य, अभिजात अशी काळाची खूण आहे. अधिक चिन्ह असले की त्या काळापासून पुढे चालू. क्त-रूपात ‘हित’च्या शेजारी वैदिक ‘धित’ दिसते (‘सुधित’ मधले). ‘धीमहि’ही इथे ‘धा’च्याच खात्यात जाते.

व्हिटनींच्या एका भूमिकेशी मात्र आम्ही सहमत नाही. धातुपाठात सुमारे दोन हजार धातू आहेत. त्यांतले ग्रंथांत न सापडणारे व्हिटनींनी बाजूला काढले आणि वैयाकरणांच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली. त्यांच्या हाताशी असलेल्या छापील ग्रंथांत एखादे रूप नव्हते, म्हणजे भाषेतच नव्हते, असे होत नाही. तेव्हा सूची उत्तम, पण तिच्यात नाही म्हणून एखादे रूप चुकीचे ठरवू नये. ‘व्हिटनींना आढळले नाही’ एवढाच अर्थ घ्यावा.

काळ्यांचा धातुकोश

मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या मोठ्या संस्कृत व्याकरणाच्या शेवटी एक धातुकोश जोडलेला आहे. परीक्षेसाठी हा सर्वांत कामाचा. प्रत्येक धातूची निरनिराळ्या लकारांतली (काळ-अर्थांच्या रूपगटांतली) प्रथमपुरुष एकवचनाची रूपे एका ओळीत आहेत, त्यांत आशीर्वादार्थक आशीर्लिङ्‌सुद्धा: धेयात्, धासीष्ट. हे रूप इतर ठिकाणी शोधत बसावे लागते. छपाई बारीक आहे, आणि पुनर्मुद्रणांत अनुस्वार, विसर्ग पुसट झालेले असतात. विकत घेण्याआधी हीच पाने उघडून पाहावीत. पुढची पाने स्वच्छ असली म्हणून शेवटचीही असतील असे नाही.

संगणकावरची साधने

कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोनियर-विल्यम्स, आपट्यांच्या दोन्ही आवृत्त्या, सेंट पीटर्सबर्ग कोश आणि इतर बरेच कोश विनामूल्य आहेत. मोनियर-विल्यम्समधल्या धातूच्या नोंदीवरून व्हिटनीच्या सूचीतल्या पानावर थेट जाता येते. ही सोय फार मोलाची. नवशिक्याचा इथला ठरलेला घोटाळा म्हणजे लेखनपद्धती, म्हणजे रोमन अक्षरांत संस्कृत टाइप करण्याची पद्धत. एसएलपी-१ पद्धत निवडलेली असताना ‘डी-एच-मोठा ए’ टाइप केले तर यंत्र ‘द्हा’ वाचते आणि काहीच सापडत नाही. त्या पद्धतीत ‘ध’ म्हणजे एकटा मोठा ‘डी’. हार्वर्ड-क्योतो निवडली तर मात्र ‘डी-एच-मोठा ए’ बरोबर. देवनागरी निवडून सरळ ‘धा’ लिहिणे सर्वांत निर्धोक. आपट्यांची वाढीव आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावरही आहे.

फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतले जेरार ह्युए यांचे ‘संस्कृत हेरिटेज’ हे साधन वेगळ्याच जातीचे आहे. सुरुवातीला मांडलेला प्रश्न, म्हणजे रूपावरून धातूकडे जाणे, तेच सोडवते. ‘आधत्स्व’ दिले की उपसर्ग ‘आ’, धातू ‘धा’, आत्मनेपद, लोट्, मध्यमपुरुष, एकवचन असे उलगडून दाखवते. ‘व्यदधात्’मध्ये वि आणि धातू यांच्या मधे अडागम, म्हणजे भूतकाळाचा ‘अ’, शिरलेला असतो. वि-अदधात् असे तोडायचे सुचत नाही म्हणून नवशिका ‘व्यद’ शोधत बसतो. हे तोडकामही यंत्र करते. संधी सोडवून पूर्ण वाक्यही वाचते. सदृश धातूंना क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे ‘दधौ’ला ‘धा’ आणि ‘धे’ अशी दोन उत्तरे आली तर गोंधळू नये. निवड वाचणाऱ्याची आहे, संदर्भ पाहून करायची. या साधनाचा मूळ कोश फ्रेंचमध्ये आहे, पण त्याऐवजी मोनियर-विल्यम्स जोडून घेता येतो. ते आधी करावे, नाहीतर अर्थाच्या जागी फ्रेंच शब्द येतात. लांब वाक्य दिले तर शक्यतांची संख्या फार वाढते, म्हणून एका वेळी एकच चरण द्यावा.

‘अष्टाध्यायी डॉट कॉम’ हे पाणिनीय पद्धतीने शिकणाऱ्यांसाठी आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही. ‘डुधाञ्’ उघडला की दहा लकारांची परस्मैपदी आणि आत्मनेपदी रूपे येतात. कर्तरी तेवढी धरली तरी नऊ गुणिले दहा गुणिले दोन म्हणजे १८०. शिवाय कर्मणी, णिच् (प्रयोजक), सन् (इच्छार्थक), यङ् (पौनःपुन्यार्थक) आणि कृदन्ते. धातुवृत्तींचा, म्हणजे धातुपाठावरच्या टीकांचा, मजकूर शेजारीच आहे आणि सूत्रही लगेच उघडता येते. वर सांगितलेला ‘दध् + तस्’चा प्रवास इथे सूत्रासह तपासता येतो. ‘प्रणिधान’मध्ये ‘ण’ का, हेही इथेच उकलते: ‘दाधा घ्वदाप्’ (१.१.२०) या सूत्राने ‘धा’ला ‘घु’ ही संज्ञा मिळते आणि ‘घु’ पुढे असताना ‘प्र’नंतरच्या ‘नि’चा ‘णि’ होतो (८.४.१७). धोका एकच: इथली रूपे सूत्रांनी सिद्ध केलेली आहेत. ती शुद्ध आहेत, पण ग्रंथांत सापडतीलच असे नाही. संस्कृत लिहिणाऱ्याने ‘देधीयते’ बघून लगेच वाक्यात वापरू नये. आधी मोनियर-विल्यम्स किंवा व्हिटनीकडे एकदा पाहावे.

वापरायचा क्रम

‘कर्णौ पिधाय’ हे उदाहरण घेऊ. नाटकांत रंगसूचना म्हणून हे वारंवार येते. शेवटी ‘य’ आहे आणि आधी दीर्घ ‘आ’, म्हणजे उपसर्गासह ल्यबन्त (‘-ऊन’ या अर्थाचे रूप) असावे. उरले ‘पिधा’. ‘पि’ नावाचा उपसर्ग बावीस उपसर्गांत नाही. पण ‘अपि’ आहे, आणि ‘अपि’, ‘अव’ यांचा ‘अ’ गळू शकतो असे भागुरी या प्राचीन वैयाकरणाचे मत परंपरेने जपले आहे. म्हणून आपट्यांत ‘अपिधा’ पाहायचे: झाकणे, बंद करणे. मराठीत ‘कान झाकून’. ही वाट हाताने चालायला थोडा वेळ लागतो. ह्युए यांच्या साधनात काही सेकंद. पण हाताने दहा-वीस रूपे सोडवल्याशिवाय यंत्राची दोन उत्तरांतली खरी कोणती हे ओळखता येत नाही, म्हणून शिकणाऱ्याने आधी वही, मग यंत्र हाच क्रम ठेवावा.

सराव हवा असेल तर गीता पुरेशी आहे. ‘श्रद्धां तामेव विदधाम्यहम्’ (७.२१) इथे एकाच ओळीत ‘धा’ दोनदा आहे, श्रत्-धा आणि वि-धा. ‘समाधौ न विधीयते’ (२.४४) इथेही दोनदा. ‘क्षेत्रमित्यभिधीयते’, ‘मद्भक्तेष्वभिधास्यति’, ‘ब्रह्मण्याधाय कर्माणि’ हे पुढचे. ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेतही ‘पुरोहितम्’ आणि ‘रत्नधातमम्’ अशी जोडी आहे.

कोणी काय घ्यावे

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने काळ्यांचे व्याकरण आणि लहान आपटे घ्यावे. काव्य-नाटके वाचणाऱ्याने आणि भाषांतरकाराने मोठा आपटे घ्यावा. १८९० ची आवृत्ती स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि तिच्या चित्रप्रती महाजालावर मिळतात, पण रोजच्या वापराला छापील प्रतच बरी, कारण शेजारच्या नोंदींवर नजर पडते. मराठीतून अर्थ हवा असेल तर ज. वि. ओक यांचा गीर्वाणलघुकोश आहे. नावाप्रमाणेच लघू, अवतरणांची अपेक्षा ठेवू नये. वेद वाचणाऱ्याला मोनियर-विल्यम्स आणि व्हिटनी या दोघांशिवाय गत्यंतर नाही. हे दोन्ही विकत न घेता संगणकावर वापरले तरी चालतात.

राहिली ती धातुरूपांची पातळ बाजारू पुस्तके. ती वाईटच असतात असे नाही, पण त्यांत अक्षरजुळणीच्या चुका फार. दुकानात उभ्या उभ्या ‘धा’चे पान उघडावे आणि पाच रूपे पाहावीत. आत्मनेपद, लट्, मध्यमपुरुष, बहुवचन ‘धद्ध्वे’ हवे, ‘धध्वे’ नको. परस्मैपद, लट्, प्रथमपुरुष, बहुवचन ‘दधति’ हवे; ‘दधन्ति’ छापले असेल तर पुस्तक परत ठेवावे, कारण अभ्यस्त (द्वित्व झालेल्या) धातूपुढे तिथे ‘न्’ येत नाही. लङ्‌मध्ये ‘अदधुः’ हवे, ‘अदधन्’ नको. लोट्‌मध्ये ‘धेहि’ हवे, ‘दधाहि’ नको. आणि शतृ-कृदन्ताचे (‘ठेवत असलेला’ अशा अर्थाचे) पुंल्लिंगी प्रथमा एकवचन ‘दधत्’ हवे, ‘दधन्’ नको. पाचही बरोबर निघाली तर त्या पुस्तकातला ‘दा’, ‘हा’ आणि ‘भी’ यांचा तक्ताही सहसा विश्वासाचा असतो.